जुन्या वाड्यात नवं घर: सिमेंटपासून सुरुवात का करू नये?

आधी पडका वाडा, मग तीस सेकंदांत चकचकीत लाकूड, पितळी दिवे आणि मॉड्युलर किचन. अशा रील्स आवडीने पाहिल्या जातात. भिंतीच्या आत काय भरलंय, हे मात्र त्यात दिसत नाही. आणि वाडा किती वर्षं टिकणार हे तिथेच ठरतं.

पुणे, वाई, सातारा, नाशिक इथल्या बहुतेक जुन्या वाड्यांची रचना मिळतीजुळती असते. खाली काळ्या दगडाचं जोतं, मध्ये चौक, त्याभोवती ओसरी, माजघर, देवघर. भार पेलतो तो लाकडी, बहुधा सागवानी सांगाडा: दगडी तळखड्यांवर उभे खांब, त्यांवर तुळया, आणि वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या, फळ्या व मातीचा थर. विटांच्या भिंती चुन्यात किंवा मातीत रचलेल्या असतात.

सिमेंटने नेमकं काय बिघडतं?

जुन्या भिंतीत जमिनीतून ओल चढतेच. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे ती बाहेर येऊन वाळते. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ही वाट बंद होते. ओल आत अडकते, आणखी वर चढते आणि भिंतीत रोवलेली तुळयांची टोकं कुजू लागतात. बाहेरून भिंत गुळगुळीत, आत वाळवीची चंगळ! तुळई खचेपर्यंत घरच्यांना पत्ताही लागत नाही.

म्हणून वास्तुसंवर्धक आधी असा गिलावा जपून काढतात आणि भिंतीला वाळायला वेळ देतात. मग चुना. भाजलेली चुनखडी पाण्यात विझवायची, मुरवायची आणि वाळूबरोबर घाणीत मळायची. त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालण्याची जुनी पद्धत आहे. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. कामाला वेळ लागतो. ठेकेदार सिमेंटचा आग्रह धरतात, त्यामागे बऱ्याचदा ही घाईच असते.

लाकडाचं सगळंच बदलावं लागतं असं नाही. कुजलेलं टोक कापून तिथे नवा तुकडा सांधता येतो. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान बाजारात मिळतं. एका वाड्याच्या मरणावर दुसरा जगतो, इतकंच. कोरीव महिरपींवरचा ऑइलपेंट मात्र यंत्राने घासून काढू नये, नक्षीची धार जाते.

आधुनिक सोयी कुठे बसवायच्या?

पूर्वी न्हाणीघर आणि शौचालय परसाकडे असायचं, त्यामागे कारण होतं. आजही बाथरूम मागच्या बाजूला, एकाखाली एक ठेवणं शहाणपणाचं. कडीपाटावर टाइल्स, काँक्रीट आणि पाण्याची टाकी चढवणं म्हणजे वजन आणि गळती दोन्ही ओढवून घेणं. वायरिंग पूर्ण नवीन हवं, कारण घर लाकडी आहे. 1828 च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती जळाल्या, उरले ते मुख्यतः तट, दरवाजे आणि जोती.

चौकावर कायमचं काचेचं छत घालण्याचा मोह अनेकांना होतो. पण गरम हवा वर निघून जाते ती चौकातूनच. छत बंद केलं की खोल्यांना एसी लागतो. सोफा, दिवे, किचनचे ओटे मात्र हवे तितके आधुनिक चालतात, फक्त ते भिंत न फोडता, उद्या काढून नेता येतील असे बसवावेत. फुटलेल्या नक्षीदार सिमेंट टाइल्सही पुन्हा करून मिळतात. 1922 मध्ये मुंबईत सुरू झालेली भारत फ्लोअरिंग्ज अजून त्या बनवते.

परवानगी आणि भाऊबंद

वाडा पालिकेच्या वारसा यादीत असेल तर त्याची श्रेणी आधी पाहावी. श्रेणी एकमध्ये आतही फारसा हात लावता येत नाही; दोन आणि तीनमध्ये अंतर्गत बदलांना तुलनेने जास्त वाव असतो, तोही परवानगी घेऊन.

खरी अडचण बहुतेकदा मालमत्ता पत्रकावर असते. तिथे आजोबांच्या पिढीची नावं, वारस चार शहरांत, आणि माडीवर जुने भाडेकरू, ज्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं संरक्षण असू शकतं. एका चुलतभावाने पुढच्या खोल्या चुन्यात दुरुस्त केल्या आणि दुसऱ्याच्या मागच्या छपरातून पाणी येतच राहिलं, तर ते सामाईक भिंतीतून पुढे पोचतंच. म्हणून छपराचा खर्च सर्व वारसांनी मिळून, लेखी ठरवून, पावसाळ्याआधी करावा. रंग आणि फर्निचर त्यानंतर.