अन्न मानवलं का?

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. तिची नात परगावी होस्टेलवर राहून एम. एस्सी. करते. दिवाळीला घरी येणार आहे. बहीण म्हणाली, "ताई, एक सांगायचं होतं. ती आली की जाड झालीस, बारीक झालीस, असं कुणी काही बोलायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय." मग हळूहळू सगळं कळलं. गेलं वर्षभर पोरगी दिवस दिवस उपाशी राहायची, मग एकदम खूप खायची आणि बाथरूममध्ये जाऊन घशात बोटं घालून ओकायची. रूममेटच्या लक्षात आलं म्हणून बरं. आता उपचार चालू आहेत.

फोन ठेवला आणि बराच वेळ गप्प बसून राहिले. कारण दोन वर्षांपूर्वी एका मुंजीत सगळ्यांदेखत तिला "काय गं, होस्टेलचं अन्न चांगलंच मानवलेलं दिसतंय!" असं म्हणणारी मावशीआजी मीच होते. सगळे हसले होते. तीही हसली होती. (हे सगळं तिला विचारूनच लिहिते आहे.)

जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे मन अस्वस्थ झालं की सनावळ्यांकडे वळायची खोड आहे. या वेळीही तेच केलं. आणि जे सापडलं त्याने मला अधिकच विचारात टाकलं.

१८७३ साली बॉस्टनच्या एडवर्ड क्लार्क या डॉक्टरांचं एक पुस्तक आलं. मुलींनी मुलांसारखं कॉलेजचं शिक्षण घेतलं तर त्यांची प्रकृती ढासळेल, त्या आई होण्याच्या लायकीच्या राहणार नाहीत, असा त्यांचा दावा. पुस्तक खूप गाजलं. दोनच वर्षांनी, १८७५ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन गावी स्मिथ कॉलेज हे मुलींचं कॉलेज सुरू झालं. (आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकायला गेल्या, तो हाच काळ.) सगळ्यांचं लक्ष या मुलींच्या प्रकृतीकडे. मग त्या घरी पत्रं लिहीत तेव्हा आपलं वजन किती वाढलं ते अभिमानाने कळवत! वजन वाढलं म्हणजे तब्येत उत्तम, आणि तब्येत उत्तम म्हणजे शिक्षण बाधलं नाही. थोडक्यात काय, अन्न मानवलंय, काळजी नसावी.

आता पुढची पन्नास वर्षं ओलांडू. १९१८ मध्ये लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंनी कॅलरी मोजून खायला शिकवणारं पुस्तक लिहिलं, ते हातोहात खपलं. फॅशन सडपातळ अंगाची आली. आणि १९२४ साली त्याच स्मिथ कॉलेजच्या साप्ताहिकात एक पत्र छापून आलं. हे डाएटिंग वेळीच थांबवलं नाही, तर आपलं कॉलेज ओढलेल्या चेहऱ्यांसाठी आणि निस्तेज डोळ्यांसाठी बदनाम होईल, असा त्यात इशारा होता.

कॉलेज तेच, वयही तेच. फक्त मुलींना मोजायचं माप बदललं. पण काटा मात्र दोन्ही वेळा त्यांच्याच शरीराला लावलेला!

योगायोग असा, की क्लार्कचं पुस्तक आलं त्याच १८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या दोन डॉक्टरांनी, अन्न टाकून खंगत जाणाऱ्या तरुण मुलींच्या आजाराचं वर्णन स्वतंत्रपणे मांडलं. ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव गल यांचं. लासेग यांनी घरच्यांबद्दल फार नेमकं निरीक्षण नोंदवलंय. घरचे आधी विनवण्या करतात, मग धमक्या देतात, आणि दोन्हींनी मुलगी आणखीच अडून बसते. वाचताना वाटलं, हे गृहस्थ आमच्याच स्वयंपाकघरात येऊन गेले की काय!

आमच्या नातीचा आजार मात्र वेगळा, बुलिमिया. यात वजन बहुधा चारचौघांसारखंच राहतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. १९७६ मध्ये मार्लिन बॉस्किंड-लोडाल यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या अशा विद्यार्थिनींविषयी लिहिलं. १९७९ मध्ये लंडनच्या जेरल्ड रसेल यांनी या आजाराला बुलिमिया नर्व्होसा हे नाव दिलं. म्हणजे मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा या आजाराला नावसुद्धा नव्हतं. वर्गात डबा न उघडणाऱ्या मुलींना मी 'नखरे' म्हणून किती रागावले असेन, देव जाणे.

"पण हा हट्टच ना? मनात आणलं तर खाईल की!" असं आपल्यातले पुष्कळ जण म्हणतील. त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा खातं कसं करायचं ते शिकण्यासाठी. वजन जवळपास पाव भागाने घटलं. पण मनंही बदलली. ही माणसं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताटल्या चाटू लागली, चिडचिडी आणि एकलकोंडी झाली. पुन्हा अन्न मिळायला लागल्यावर काहींचं खाणं आवरेना. त्यांच्यापैकी कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं. म्हणजे सुरुवात कशानेही होवो, उपासमार पुढे मनाचाच ताबा घेते. तिथे नुसता निर्धार पुरत नाही, उपचार लागतात. आणि हा आजार मुलग्यांनाही होतो बरं का.

डॉक्टर म्हणतात, एखाद्या वाक्याने हा आजार होत नाही. त्याला अनुवंश, स्वभाव, ताण अशी अनेक कारणं असतात. ऐकून जरा हायसं वाटलं, पण सुटका झाली नाही. मी नातीला फोन करून त्या मुंजीतल्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मावशीआजी, मला वाटलं होतं तू विसरली असशील."

मी विसरलेच होते हो. ती विसरली नव्हती.

तेव्हा घरच्या मंडळींनो, दिवाळीला ती येईल. तिच्या ताटाकडे पाहू नका, वाढताना आग्रह नको, उपदेश तर नकोच नको. काय शिकतेस, काय वाचतेस, मैत्रिणी कशा आहेत, ते विचारा. मीही तेच करणार आहे. या वयात नवीन सवय लावून घेणं सोपं नाही, पण बघू.