तात्या विंचू की डायनासोर? आपल्या वर्गातल्या एका वादाचा इतिहास

स्मरणिकेसाठी 'आपल्या काळाविषयी काहीतरी लिही' असा निरोप आला, तेव्हा मला शाळेची इमारत किंवा स्नेहसंमेलन आठवलं नाही. आठवला तो मधल्या सुट्टीतला वाद. सगळ्यात भारी सिनेमा कोणता? भारी म्हणजे टरकवणारा, नाहीतर थक्क करणारा. आठवी ते दहावी, म्हणजे १९९३ ते १९९६, हा वाद चालला आणि सर वर्गात आले तरी कुजबुजत चालू राहायचा. त्याचा इतिहास कोणी लिहिलेला नाही, म्हणून मी लिहिते.

वर्गात तीन पक्ष होते. पहिला रामसेवाल्यांचा. भाड्याच्या व्हीसीआरवर 'पुराना मंदिर' (१९८४) आणि 'वीराना' (१९८८) पाहिलेली ही मुलं. निदान पाहिल्याचं सांगणारी. त्यात १९९३च्या ऑगस्टमध्ये झी टीव्हीवर 'झी हॉरर शो' सुरू झाला आणि ज्यांच्या घरी केबल होती त्यांचा भाव वधारला. रामसे बंधूंची गोष्ट त्यांच्या सिनेमांपेक्षा सुरस आहे. १९७०चा त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भीषण मुखवटा घालून चोरीला येतात, त्या एका प्रसंगासाठी लोक पुन्हा येतात, हे भावांनी हेरलं. मग १९७२ मध्ये 'दो गज जमीन के नीचे' आला. महाबळेश्वरच्या गेस्ट हाऊसमध्ये सगळं कुटुंब मुक्कामाला. एक भाऊ कॅमेऱ्यामागे, एक ध्वनीला, एक संकलनाला. कमी पैशांत, घरच्या माणसांत काम कसं उरकावं याचा तो धडाच आहे. 'पुराना मंदिर'मधला सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल हे रुडकीला शिकलेले सिव्हिल इंजिनिअर होते, हे तेव्हा कळलं असतं तर आपल्या 'लातूर पॅटर्न'वाल्या पालकांचं हॉररविषयीचं मत नक्की सुधारलं असतं.

दुसरा पक्ष 'झपाटलेला'चा, आणि मी त्यात होते. महेश कोठारेंचा हा सिनेमा १९९३च्या एप्रिलचा. मूळ कल्पना १९८८च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी सिनेमाची: मरता मरता गुंड आपला जीव बाहुल्यात घालतो. पण तात्या विंचू आपलाच वाटतो, याचं कारण त्याच्या मागे उभी असलेली माणसं. बाहुला केला रामदास पाध्यांनी, म्हणजे अर्धवटरावांच्या घराण्याने. तात्या झाले दिलीप प्रभावळकर. आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे, ज्यांना घाबरताना पाहून हसू यायचं आणि पुढच्याच क्षणाला आपणही घाबरायचो. विरोधकांचा आक्षेप ठरलेला: 'ज्यात हसू येतं तो हॉरर कसला?' माझं उत्तर तेव्हाही तेच होतं. वाड्यातलं भूत वाड्यात राहतं. बाहुला घरोघरी असतो.

तिसरा पक्ष 'ज्युरासिक पार्क'चा. १९९४ मध्ये तो हिंदीत बोलू लागला आणि इंग्रजीच्या धाकाने थिएटरबाहेर राहिलेलं आपल्यासारखं जग आत शिरलं. संपूर्ण सिनेमात डायनासोर जेमतेम पंधरा मिनिटं दिसतात. त्यातली सहा-एक मिनिटं संगणकाची, बाकीचे हाताने घडवलेले यांत्रिक प्राणी. 'सगळं कॉम्प्युटरनं केलं' असं छातीठोक सांगणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. त्यातली ती मुलगी पडद्यावर युनिक्स ओळखते, ते त्रिमितीतलं फाइलींचं शहरही खोटं नव्हतं. सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांवर तशी प्रणाली खरोखर होती. नांदेडला इंजिनिअरिंगला गेल्यावर माझ्या वाट्याला आलं ते मात्र काळ्या पडद्यावरचं लुकलुकणारं चिन्ह.

आता जे सांगायचं आहे ते. 'झी हॉरर शो' सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे १०,००० माणसं गेली. धक्का ६.२ रिश्टरच्या आसपासचा. जगात याहून मोठे कितीतरी होतात. पण जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद, अशा घरांत माणसं झोपेतच गाडली गेली. उन्हाळ्यात गारवा देणारं घर, तेच अंगावर आलं. त्यानंतर आपण कित्येक आठवडे अंगणात झोपलो. आमच्या गल्लीत उशाशी भांड्यांची उतरंड रचायचे, खडखडली की उठून पळायला. काही घरांत पाण्याचा पेला भरून ठेवत.

'ज्युरासिक पार्क' आपल्याकडे आला तो यानंतर. त्यात डायनासोर दिसण्याआधी पेल्यातलं पाणी थरथरतं. (गाडीच्या आत गिटारची तार ताणून आणि छेडून ती वर्तुळं काढली होती.) जगभरच्या प्रेक्षकांनी त्यावर श्वास रोखला. आपल्या गावच्या थिएटरात त्या क्षणी काही माणसं उभी राहिली होती. भूकंपानंतर त्या भागातून आपल्या वर्गात आलेली एक मैत्रीण आमच्या वादात कधी बोलायची नाही. एकदाच म्हणाली, 'भुताचा पिक्चर बरा. तो संपतो.' त्या दिवशी वाद तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाला, आणि तो सुरू करणारी तीच होती: तिला तात्या विंचू आवडायचा.

विज्ञानाच्या पक्षाची एक अडचण राहिली, मराठीत त्यांच्याकडे सिनेमा नव्हता. कथा मात्र होत्या. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहवून घेऊन, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. भयकथेत नारायण धारप होतेच. शाळेच्या ग्रंथालयातून घरी नेलेलं त्यांचं पुस्तक वेळेवर परत यायचं नाही, हे बाईंना आठवत असेल. धारपांच्याच एका कथेचं बीज राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये आहे. तो २०१८ मध्ये आला तेव्हा गर्दी बेताचीच होती. २०२४च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. त्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर रात्री दीडपर्यंत जे काही चाललं होतं, ते तुम्ही वाचलंच आहे.

संमेलनाच्या रात्री हा वाद होणार, हे उघड आहे. 'तुंबाड'वाल्यांचा चौथा पक्ष आता जोरात आहे, रामसेवाले तिघेच उरलेत. माझं मत बदललेलं नाही.