लालसर झालेली केळीची बाग

१९३६ सालच्या डिसेंबरांत आमच्या सावद्याशेजारीं फैजपूरला काँग्रेसचें खेड्यांतलें पहिलें अधिवेशन भरलें. त्याच वर्षीं कोडॅक व आगफा यांची ३५ मिलिमीटरची रंगीत फिल्म बाजारांत आली. परंतु त्या अधिवेशनाचीं जीं छायाचित्रें माझ्या पाहण्यांत आलीं, तीं सारीं काळींपांढरीं. नंदलाल बोसांनीं बांबूनें सजविलेल्या त्या नगराचे रंग कल्पनेनेंच भरावे लागतात.

पुढें रंग हातीं आले, तेही टिकले नाहींत. मजजवळ १९७४ सालची केळीच्या बागेची एक स्लाइड आहे. परवां नातवानें ती स्कॅन केली, तों पानें तपकिरी आणि आभाळ गुलाबी! रंगीत फिल्मेंत निळसर, किरमिजी व पिवळ्या रंगद्रव्यांचे तीन थर असतात. त्या काळच्या पुष्कळ फिल्मांत डब्याच्या अंधारांतही निळसर द्रव्य आधीं विरे, आणि उरलेल्या दोहोंची लाली चित्रभर पसरे. कोडॅक्रोम तेवढी चिवट.

नातवानें माझ्या वडिलांच्या धोतरावर खूण करून संगणकास सांगितलें, हें पांढरें समज. क्षणांत पानें हिरवीं झालीं! मी म्हणालों, "अरे, धोतराला नीळ असे, शिवाय हा फोटो दिवेलागणीच्या थोडा आधींचा." मावळतें ऊन धोतरावर तांबूस पडलें असणारच, फिल्मेचा दोष काढतांना तेंही पुसलें गेलें होतें.

मग त्यानें थोडी लाली परत आणली, मूळ स्कॅन निराळा जपला, आणि केलेला फेरफार तारखेसह लिहून ठेवला. पानें किती हिरवीं असावींत, यावर मात्र आमचें अद्याप एकमत नाहीं.