फायब्रोमायॅल्जिया आणि औषधाचे नाव

सर्वांगात रेंगाळणारी वेदना, न ओसरणारा थकवा आणि विश्रांती न देणारी झोप ही ज्या व्याधीची प्रमुख लक्षणे, तिला आज फायब्रोमायॅल्जिया म्हणतात. तिच्या जुन्या नावांपैकी ‘फायब्रोसायटिस’ हे १९०४ मध्ये ब्रिटिश वैद्य विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवरील व्याख्यानात योजिले होते. ‘आयटिस’ हा प्रत्यय दाहवाचक होय. परंतु तंतूंत दाह काही सापडेना. तेव्हा १९७६ मध्ये फिलिप हेंच यांनी केवळ वेदना दर्शविणारे आजचे नाव पुढे केले. पुरावा बदलला, नाव बदलले.

औषधाच्या नावाला मात्र हे भाग्य लाभले नाही. अमिट्रिप्टिलीन हे १९६१ पासून अमेरिकेत नैराश्यावर दिले जाऊ लागले व ‘नैराश्यरोधक’ वर्गात कायमचे जमा झाले. १९८६ मध्ये गोल्डनबर्ग आणि कॅरेट यांच्या स्वतंत्र चाचण्यांत ते फायब्रोमायॅल्जियाच्या रुग्णांना रात्री अनुक्रमे २५ व ५० मिलिग्रॅम देण्यात आले. नैराश्यात सामान्यतः याहून बरीच मोठी मात्रा लागते. तरीही झोप व वेदना यांत काहींना उतार पडला. मेंदूकडून मज्जारज्जूकडे येणारे वेदनाशामक संदेश सेरोटोनिन व नॉरॲड्रेनलीन यांवर अवलंबून असतात, आणि ही औषधे त्या द्रव्यांचा प्रभाव वाढवितात. गुण सर्वांनाच येतो असे नाही; तोंडाला कोरड व सुस्ती हा त्रासही आहेच.

मिल्नासिप्रानचे उदाहरण तर नमुनेदार म्हणावे लागेल. फ्रान्समध्ये ते नैराश्यावरील औषध; अमेरिकेत २००९ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती केवळ फायब्रोमायॅल्जियासाठी, आणि त्याच वर्षी युरोपीय औषध नियामकाने नेमका तोच उपयोग नाकारला. द्रव्य एक, परंतु अटलांटिकच्या दोन तीरांवर त्याची ओळख निराळी!

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. वर्षानुवर्षे ‘तुम्हांला काही झालेले नाही’ असे ऐकलेली बाई चिठ्ठीवरील औषध नैराश्याचे आहे असे कळताच, आपले दुखणे पुन्हा मनाचेच ठरविले गेले, असे समजते. गोळ्या मग डबीतच राहतात. मराठीत ‘नैराश्यरोधक’ म्हणताना आपण मूळ नावातील अपुरेपणाही इमानाने उचलला आहे. मनोविकारांवरील औषधांना रोगावरून नव्हे, तर त्यांच्या क्रियेवरून नावे द्यावीत, अशी पद्धती २०१४ मध्ये युरोपातील तज्ज्ञांच्या पुढाकाराने मांडली गेली. औषधांच्या दुकानांत मात्र अजून जुनेच नाव चालते.