दोन तपासणीस, एक तिजोरी

आमचे आजोबा लातूरच्या गंजात आडतीवर मुनिमी करत. निजामी राजवटीत बाजारात हाली आणि इंग्रजी कलदार अशी दोन नाणी चालायची. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब त्यांच्या तोंडात अखेरपर्यंत होता. रिझर्व्ह बँक 1935 साली सुरू झाली खरी, पण हाली रुपया होता निजामाचा. त्याचा कारभार 1941 च्या कायद्याने आलेली हैदराबाद स्टेट बँक बघे. पुढे संस्थान विलीन झालं आणि 1956 मध्ये ती बँकच रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात गेली. आजोबा म्हणत, "पैसा कुणाच्या बंदोबस्तात हाय, ते आधी बघावं."

त्या प्रश्नाचं उत्तर सहकारी बँकांच्या बाबतीत मात्र फार वर्षं धड मिळालं नाही. माझे काका नांदेडला एका नागरी सहकारी बँकेत कारकून होते. 1 मार्च 1966 पासून सहकारी बँकांचा परवाना आणि तपासणी रिझर्व्ह बँकेकडे आली. नोंदणी, निवडणूक, संचालक मंडळ बरखास्त करणं हे सगळं सहकार खात्याच्या निबंधकाकडेच राहिलं. काका सांगायचे, रिझर्व्ह बँकेची माणसं आली की सोनेतारणाच्या पिशव्यांची लाख बघत, कर्जाच्या फायली शेजारी शेजारी मांडून जामीनदारांच्या सह्या ताडत. एकदा त्यातूनच उघड झालं की संचालकांचे दोन नातेवाईक एकमेकांना जामीन आहेत आणि दोन्ही कर्जं थकलेली आहेत. अहवाल मंडळापुढे आला. ठरावात लिहिलं गेलं, "अहवालाची नोंद घेण्यात आली." बस्स, तेवढंच! मंडळ हटवायचं तर रिझर्व्ह बँकेने निबंधकाला लिहायचं. रोग एकाने ओळखायचा आणि औषध दुसऱ्याच्या कपाटात, अशी ती व्यवस्था होती. तोवर थकबाकी वाढत राही, आणि ठेवीदाराला शेवटी कळायचं ते काउंटरवर पैसे मिळेनासे झाल्यावर.

सप्टेंबर 2019 मध्ये मुंबईत पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा कुठे दिल्ली हलली. जून 2020 च्या अध्यादेशाने आणि सप्टेंबरमधल्या कायद्याने नागरी बँकांचं मंडळ बाजूला करण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळाला. राज्यात नोंदलेल्या बँकेसाठी राज्य सरकारशी सल्लामसलत मात्र करावी लागते. जिल्हा सहकारी बँकांना हा कायदा 1 एप्रिल 2021 पासून लागू झाला, त्यांची तपासणी नाबार्ड करते. सहकाराची स्वायत्तता गेली, अशी ओरड झाली. मला ती पटत नाही. चूक पकडणाऱ्याच्याच हाती ती थांबवण्याचं बळ हवं. स्वायत्तता सभासदांची असते, थकबाकीदार संचालकाची नव्हे.

तरीही बँक बुडालीच तर आधार विम्याचा. लातूरला खेटून असलेल्या उस्मानाबादच्या (आताचं धाराशिव) वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना जानेवारी 2021 मध्ये रद्द झाला. ठेव विम्याची मर्यादा वर्षभरापूर्वीच एक लाखावरून पाच लाख झाली होती, म्हणून 99 टक्क्यांहून अधिक ठेवीदारांची पूर्ण रक्कम विम्यात बसली.

आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत. दीड-दोन टक्के जास्त व्याज दिसलं की निवृत्तीची रक्कम तिकडे जाते. त्यांच्यावर ना रिझर्व्ह बँकेची तपासणी, ना हा पाच लाखांचा विमा. पावती हातात घेण्याआधी एवढं जरूर विचारा.