बार्शीच्या गिरणीची घरपट्टी आणि हरकतीचा हक्क

आमच्या ज्ञातीच्या इतिहासाविषयी स्मरणिकांतून जे लेखन होते, त्यात मूळस्थाने, स्थलांतरे, देवालये व दानशूर गृहस्थ यांस योग्य तो मान मिळतो. परंतु जो कागद दरवर्षी प्रत्येक मागवाल्याच्या व दुकानदाराच्या उंबऱ्यावर येऊन पडतो, त्या घरपट्टीच्या बिलाचा इतिहास लिहिण्याचे आम्हांपैकी कोणास फारसे सुचत नाही. वस्तुतः सोलापुरात 1852 साली नगरपालिका स्थापन झाली आणि 1877 साली पहिली कापडगिरणी सुरू झाली. तेव्हापासून या शहराची वस्ती मागाच्या आवाजाबरोबर वाढत गेली. खाली माग व वर बिऱ्हाड, अशा घरास राहते घर म्हणावे की कारखाना म्हणावे, हा प्रश्न आकारणी करणाऱ्यापुढे आणि घरमालकापुढे कित्येक पिढ्या उभा आहे.

या प्रश्नाचा विचार करताना आपल्याच जिल्ह्यातील एका खटल्याचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते. तो खटला बार्शीच्या लोकमान्य मिलचा होय. गिरणीविरुद्ध बार्शी बरो म्युनिसिपालिटी असा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व 1961 साली त्याचा निकाल लागला.

त्या काळी सोलापूर व बार्शी या दोन्ही गावांस 1925 चा मुंबई म्युनिसिपल बरोज कायदा लागू होता. इमारत वर्षाच्या कराराने भाड्याने दिली असता वाजवीपणे जे भाडे येईल, ते तिचे वार्षिक भाडेमूल्य, अशी त्या कायद्याची व्याख्या होती. आणि तीत आतील सामानसुमान व यंत्रसामग्री धरावयाची नाही, असे स्पष्ट म्हटले होते. हे शेवटचे शब्द मागवाल्याच्या दृष्टीने लाखमोलाचे होते. आकारणीची यादी तयार झाल्यावर ती प्रसिद्ध करावी, ज्यास मूल्य अमान्य असेल त्याने मुदतीत हरकत घ्यावी, तिची सुनावणी व्हावी आणि मगच यादी कायम व्हावी, असा क्रम होता.

बार्शी म्युनिसिपालिटीने गिरण्या, कारखाने व त्यांस लागून असलेल्या इमारती यांकरिता मात्र निराळा नियम केला. दर 100 चौरस फुटांस, अथवा त्याच्या अंशास, 40 रुपये हेच वार्षिक भाडेमूल्य समजावे. मग तो मजला असो, तळघर असो. म्हणजे 10,000 चौरस फुटांच्या छपराचे मूल्य 4,000 रुपये झाले, आणि छप्पर 10 फुटांनी अधिक भरले तर 4,040. छप्पर जुने की नवे, रस्त्यालगत की गावाबाहेर, तेथे साचे चालतात की रिकामी खोकी पडली आहेत, हे कोणी विचारावयाचे नाही.

म्युनिसिपालिटीची बाजू अगदीच पोकळ होती, असे आम्ही म्हणणार नाही. गिरणी सहसा कोणी भाड्याने देत नाही, तेव्हा तिचे भाडे ठरवावे कसे? मोजपट्टी कोणाची भीड धरीत नाही, हाही तिचा एक गुणच. मुंबई उच्च न्यायालयात गिरणीच्या पदरी यश आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र हा नियम कायद्याबाहेरचा ठरविला. केवळ क्षेत्रफळावरून काढलेल्या आकड्याचा वाजवी भाड्याशी काही संबंध राहत नाही, हे एक कारण. दुसरे कारण आम्हांस त्याहून महत्त्वाचे वाटते: आकडा नियमानेच ठरून गेला म्हणजे हरकत घेणाऱ्यास बोलण्यासारखे काही उरत नाही. त्याने भाडे कमी असल्याचा पुरावा आणला तरी मोजमाप बरोबर आहे, एवढेच उत्तर मिळणार. कायद्याने दिलेला तक्रारीचा हक्क अशा रीतीने नाममात्र होतो. खटला गिरणीने लढविला खरा. पण या मुद्द्याचा लाभ चार मागांच्या धन्यासही तितकाच होता.

विजय मिळाला म्हणजे तो कायमचा, असे मात्र नाही. 1963 साली अहमदाबाद म्युनिसिपालिटीचा मोकळ्या जागेच्या भांडवली मूल्यावरील कर सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा गुजरात विधिमंडळाने त्याच वर्षी कायदा करून तशा आकारण्या वैध केल्या, आणि भडोच येथील पृथ्वी कॉटन मिलच्या खटल्यात 1969 साली तो कायदा टिकलाही. निर्णय आम्ही मानीत नाही, असे विधिमंडळास म्हणता येत नाही. पण निर्णय ज्या पायावर उभा आहे तो पाया बदलता येतो, असे तेथे ठरले.

सोलापुरात 1 मे 1964 रोजी महानगरपालिका आली आणि बरोज कायद्याच्या जागी 1949 चा प्रांतिक महानगरपालिका कायदा लागू झाला. त्याच्या कर-नियमांत वाजवी भाड्यातून दुरुस्ती इत्यादींकरिता शेकडा 10 वजा करून करयोग्य मूल्य काढण्याची रीत आहे. यंत्रांबाबतीत मात्र एक वाट ठेवली आहे: महानगरपालिकेच्या संमतीने आयुक्त जाहीर सूचनेद्वारे जे यंत्रप्रकार नमूद करतील, ते इमारतीचा भाग समजले जातात, इतर यंत्रांचे मूल्य धरता येत नाही. ती सूचना कोणत्या यंत्रांविषयी आहे, हे पाहिल्यावाचून यंत्रमागधारकाने बिलावर मत देऊ नये.

अपिलाचा मार्ग दिवाणी न्यायाधीशापुढे जातो, पण त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. मूल्याविरुद्ध आधी आयुक्तांकडे तक्रार करून तिचा निकाल लागला पाहिजे. पुढे 15 दिवसांच्या आत अपील केले पाहिजे. आणि वादातील कराची रक्कम आधी भरली पाहिजे. ही शेवटची अट लहान धंदेवाल्यास जड जाते, हे आम्ही जाणतो. तरीही आमच्या पाहण्यात बहुतेक प्रकरणे पैशावाचून अडलेली नाहीत. नोटीस देवाच्या तसबिरीमागे खोचली जाते, सणावारात विसरली जाते, आणि ती हाती येते तेव्हा तक्रारीची मुदत उलटलेली असते.