जुन्या पेठेचा जीर्णोद्धार

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मग्रामाचा इतिहास यावा हें योग्यच. परंतु तींत बाजारपेठेचा इतिहास कशासाठीं, असें एखादा वाचक विचारील. त्यास आमचें उत्तर सरळ आहे. शेतांत पिकलें तें पेठेंत विकलें जातें आणि त्या पैशांवर घरची चूल पेटते. पेठेला उतरती कळा लागली म्हणजे दुकानदारच बसतो असें नव्हे. हमाल, शिंपी, भाजीवाली हीं सारीं त्याच्याबरोबर बसतात. अशी पेठ पुन्हां उभी राहते ती कोणाच्या बळावर? ह्या प्रश्नाचें एक उत्तर मुंबईच्या एका रस्त्यानें दिलें आहे. पिशोरपासून मुंबई दूर खरी. परंतु तेथील धडा आपल्या दारापर्यंत पोंचण्याजोगा आहे, म्हणून तो येथें सांगतों.

सर बार्टल फ्रिअर हे मुंबईचे गव्हर्नर असतां, इ. स. 1862 नंतर, कोटाच्या भिंती पाडण्यांत आल्या आणि आंतील हॉर्नबी रोड हा रस्ता रुंद झाला. अठराव्या शतकांतील गव्हर्नर विल्यम हॉर्नबी ह्यांचें नांव त्यास होतें. पुढें तो दादाभाई नौरोजी (1825–1917) ह्यांच्या नांवानें ओळखला जाऊं लागला. क्रॉफर्ड मार्केटपासून बोरीबंदरावरून फ्लोरा फाउंटनपर्यंत, म्हणजे आजच्या हुतात्मा चौकापर्यंत, तो जातो. पेढ्या, कचेऱ्या व दुकानें ह्यांनीं त्याच्या दोन्ही बाजू भरून गेल्या.

ह्या रस्त्याची थोरवी 1896 च्या एका नियमांत आहे. त्या नियमाप्रमाणें प्रत्येक मालकाला आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूस, कमानींची पडवी पादचाऱ्यांसाठीं मोकळी ठेवावी लागे. वरचे मजले कोणीं गॉथिक धर्तीवर बांधले, तर कोणीं ग्रीक-रोमन धर्तीवर; खालची कमानींची ओळ मात्र एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत चालूच राहिली. उन्हापावसांत वाटसरूस तिचा आसरा मिळे, आणि वाटसरू थांबला म्हणजे दुकानदारासही गिऱ्हाईक मिळे. मालकांनीं सोडलेली जागा अशा रीतीनें त्यांच्याच धंद्याचा आधार झाली.

पुढें ह्या वैभवास ओहोटी लागली, आणि तिचीं कारणें एकाहून अधिक होतीं. मुंबईच्या 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुनीं भाडीं 1940 सालच्या पातळीवर बांधून ठेवलीं. भाडेकरूचा आसरा टिकला, हा त्या कायद्याचा उपकार; परंतु तेवढ्या भाड्यांत इमारतीची डागडुजी करणें मालकास परवडेना. मोठ्या कचेऱ्या प्रथम नरिमन पॉइंटकडे व नंतर वांद्रें-कुर्ल्याकडे सरकल्या. शिवाय राहिलेल्या दुकानदारांत पाट्यांची चढाओढ लागली. एकानें मोठी पाटी लावली कीं शेजारी त्याहून मोठी लावी. कमानी झांकल्या, कोरीव दगड झांकले, आणि त्या गर्दींत एकही पाटी धड वाचतां येईना. प्रत्येकानें आपलें तेवढें पाहिलें आणि सर्वांचेंच नुकसान झालें.

इ. स. 1995 मध्यें राज्य सरकारनें मुंबईच्या वारसा-वास्तूंसाठीं नियम केले. कायदा इमारत पाडूं नका असें बजावूं शकतो; परंतु झांकलेली कमान उघडण्याची इच्छा तो उत्पन्न करूं शकत नाहीं. तें काम 1998 पासून निराळ्या वाटेनें सुरू झालें. महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या वारसा संवर्धन संस्थेच्या साहाय्यानें वास्तुविशारद आभा नारायण लांबा ह्यांनीं ह्या रस्त्याचा अभ्यास केला. पाटी कोठें लावावी, ती केवढी असावी, दिवे व बांकें कशीं असावीं, ह्याचे नियम त्यांनीं तयार केले. पाटी कमानीच्या चौकटींत बसावी आणि कोरीव काम झांकूं नये, एवढेंच त्यांचें सार होतें. महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयाची साथ होतीच. परंतु खरा भार दुकानदारांच्या समजूतदारपणावर होता. त्यांनीं पाट्या उतरविल्या व नव्या बसविल्या. रस्त्यावरील व्यापारी व रहिवासी ह्यांची 'हेरिटेज माइल असोसिएशन' ही संघटना उभी राहिली. युनेस्कोनें 2004 च्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत ह्या कार्याचा गौरव केला.

जवळच्याच काळा घोडा भागांतही असाच उद्योग झाला. तेथें 1998 सालीं नागरिकांची संस्था निघाली आणि 1999 पासून ती कलामहोत्सव भरवूं लागली. त्यांतून जमणारा पैसा त्या भागांतील वास्तूंच्या दुरुस्तीस लावण्याची रीत तिनें पाडली. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीचा जीर्णोद्धार हें त्याचें ठळक फळ होय.

तथापि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. रस्ता सुंदर करण्याच्या नांवाखालीं पडवींत बसणाऱ्या फेरीवाल्याला हांकून देणें हा जीर्णोद्धार नव्हे. इ. स. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानें त्याच्या उपजीविकेचा हक्क मानला आहे. वाटसरूस चालण्यास वाट हवी, आणि फेरीवाल्यास बसण्यास ठाव हवा. ह्या दोन गरजांचा मेळ घालणें कमान धुण्याहून कठीण आहे. जेथें तो मेळ बसत नाहीं, तेथें पेठ केवळ पाहण्यापुरती उरते.

आपल्या पेठेंत गॉथिक कमानी नसतील. पण ओटे आहेत, ओसऱ्या आहेत. मुंबईच्या त्या रस्त्यावरील पहिला अडथळा पैशाचा नव्हता. शेजाऱ्याच्या आधीं आपली पाटी कोण उतरवितो, हा होता. आपल्याकडेही आरंभ तेथूनच होईल. ओट्यापुढील हातभर जागा मोकळी करावी, गटाराची सफाई वांटून घ्यावी, टोपली घेऊन येणाऱ्या बाईस बसण्याची नेमकी जागा ठरवून द्यावी. ह्यांपैकीं कशासही मोठा निधी लागत नाहीं. चार दुकानदारांनीं एकत्र बसून एकमतानें ठरवावें लागतें. ज्युबिलीच्या वर्षीं हें बोलणें सुरू झालें, तर ह्या पानांचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.